लॅपटॉपची साडीचोळी

कोपर, डोंबिवली
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

मायना घातलाय बघ, म्हणजे पहिल्याच ओळीला तू लाल पेन उचलणार नाहीस. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तू "सिलिंडर नकोय" म्हणून ठेवून दिलास. कानाचं मशीन कपाटात ठेवायचं आणि सगळ्या जगाला ओरडायला लावायचं, हा तुझाच न्याय. म्हणून ईमेल. तू ठाण्याच्या शाळेत अख्खा जन्म पोरांना कॉम्प्युटर शिकवलास, घरातल्या बाकी कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तुलाच विचारते.

मला मशीन घ्यायचंय. आत्ताचा डबा शेवटच्या घटका मोजतोय. मी नाथाशेठ मंडपवाल्यांचं काम करते हे तुला माहितीये, पण बाबांनी तुला "कॉम्प्युटरवर फुलं काढते" एवढंच सांगितलं असणार. अगं, आपल्या आगरी लोकांत हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. स्टेज कसा दिसेल, नवरी कमानीतून येईल तेव्हा लाईट कुठून पडेल, हे सगळं पार्टीला आधी फिल्मसारखं दाखवावं लागतं. ती फिल्म मी बनवते. एवढीशी फिल्म काढायला माझा डबा दोन दिवस घेतो आणि मध्येच झोपतो.

समोर दोन गोष्टी आहेत. एक लॅपटॉप. एकदम नवा प्रोसेसर, पातळ, हलका, दिसायला भारी. दुसरं, वागळे इस्टेटमध्ये जगन म्हणून एक जण ऑफिसातली जुनी मशीन विकतो, त्याच्याकडचं एक सर्व्हरचं मशीन. त्यात दोन प्रोसेसर, मिळून अठ्ठावीस कोअर, मेमरी लॅपटॉपच्या आठपट. पण दहा वर्षं जुनं, आणि वजनाला गव्हाची गोणी.

लॅपटॉप बाबा देतायत. स्वतःहून. यज्ञेशदादाचं समृद्धीशी जमलं, साखरपुडा झाला, त्या खुशीत म्हणाले, "पोरी, तुला पायजे तो लॅपटॉप घे, सगल्यात नवा." सर्व्हर घेतला तर खर्च माझा. तरी मला सर्व्हरच हवाय. वेडी आहे का मी, सांग.

तुझी,
मेघाली


टेंभी नाका, ठाणे
१५ जानेवारी

चि. मेघाली,
अनेक आशीर्वाद.

"वेडी आहे का मी" या प्रश्नाचं उत्तर होय. आता कारणं.

जुनं ते सोनं हे सोनाराने म्हणावं, भंगारवाल्याने नव्हे. एखाद्या ऑफिसाने तो सर्व्हर काढून टाकला तो काही मूर्खपणाने नाही. वीज खातो, तापतो, आणि त्याचे पंखे माझ्यासारख्या बहिरीलाही ऐकू येतील. तुझा जगन अठ्ठावीस कोअर मोजून दाखवतो, पण त्यातला प्रत्येक कोअर म्हातारा आहे. नव्या लॅपटॉपातला एकेक त्याच्या दुपटीने पळतो. उद्या त्या धुडाचा एखादा भाग गेला तर तू तो कुठे शोधत फिरणार आहेस? नाकापेक्षा मोती जड करून घेऊ नकोस. शिवाय लॅपटॉप काखोटीला मारून कुठेही जाता येतं. हा शेवटचा मुद्दा मी तीनदा लिहिलाय असं समज.

आता एक शंका. सुदेश माझा धाकटा भाऊ, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. त्याने मला कधी स्वतःहून चहासुद्धा विचारलेला नाही. तो माणूस सगळ्यात नवा लॅपटॉप घे म्हणतो, तर त्याच्या पुढचं वाक्य काय होतं? तू ते लिहिलेलं नाहीस.

तुझी आत्या,
माधवी


कोपर
२६ जानेवारी

प्रिय आत्या,

पुढचं वाक्य काही नव्हतं. "चहा घे" म्हणाले. झालं समाधान?

आता कामाचं. मी पेनड्राइव्ह घेऊन दोन्हीकडे गेलेले. आधी स्टेशनजवळच्या दुकानात लॅपटॉपवर साधी फाईल लावली, रिकामा स्टेज आणि चार खांब. लॅपटॉपने जगनच्या मशीनला धुऊन काढलं, तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. मग नाथाशेठची खरी फाईल लावली. झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, मागे खऱ्या मापाची होडी, तिच्यावर दिवे. लॅपटॉप आधी सुसाट पळाला, मग तापला, मग रांगायला लागला, आणि शेवटी स्क्रीनवर आलं की मेमरी पुरत नाही. वाढवून द्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो, ती आतल्या बोर्डालाच चिकटवलेली असते, वाढत नाही. वर सल्ला देतो, मॅडम, फुलं कमी करा. आगऱ्यांच्या हळदीत फुलं कमी करा, हे मी नाथाशेठला जाऊन सांगू?

तीच फाईल जगनकडे लावली. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, कबूल. पण मी बाहेर जाऊन मिसळ खाऊन येईपर्यंत ते मशीन न थांबता, न कुरकुरता काम करत होतं, आणि संध्याकाळी फिल्म हातात. तुझे अठ्ठावीस म्हातारे, आत्या. पंगतीत वाढायला एक धावणारा पोरगा पुरत नाही, हळू चालणारी का होईना, भरपूर माणसं लागतात.

आणि वजनाचं म्हणशील तर मला जडच हवंय. इथे हवेत ठरतंय की लग्नानंतर वरच्या दोन्ही खोल्या दादाच्या. कोणी ठरवलं विचारलं तर कोणीच नाही. वरची पुढची खोली माझ्या कामाची आहे, कॉलेज सुटल्यापासून मी तिथे बसते. लॅपटॉप असला की लगेच सुरू होणार, तुझं काय, तू हॉलमध्ये बस, जिन्यात बस, गच्चीत बस. पुढे लग्न झालं की सासरी बस. ते धूड एकदा वरच्या खोलीत बसलं की बसलं. त्याला कोणी जिन्यात बस म्हणून दाखवावं.

आई यावर काही बोलत नाही. आई कधीच बोलत नाही.

तुझी,
मेघाली


टेंभी नाका, ठाणे
२ फेब्रुवारी

चि. मेघाली,
आशीर्वाद.

चाचणी चोख घेतलीस. शाळेत असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते. मेमरीचा मुद्दा मान्य, तापण्याचा मान्य. तरीही लॅपटॉपच घे. का ते सांगते, म्हणजे म्हातारी हट्टीपणा करते असं तुला वाटणार नाही.

मी कल्याणला नांदत होते तेव्हा माझ्याकडे पायाचं शिलाई मशीन होतं. माझ्या कमाईतून घेतलेलं. निम्म्या आळीचे ब्लाऊज माझ्याकडे यायचे. ज्या दिवशी त्या घरातून निघाले त्या दिवशी एका पिशवीत मावेल तेवढंच उचलता आलं. नंतर मशीन मागायला गेले तर थोरल्या जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, मशीन घराचं असतं, जाणाऱ्या बाईचं नसतं. मी परत आले आणि कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं, कारण डोक्यात शिरलेलं कोणाला ठेवून घेता येत नाही. तेव्हापासून माझं एकच मत आहे. बाईची कमाईची वस्तू तिला एका हाताने उचलता आली पाहिजे.

फुलांचं म्हणशील तर फाईलचे तुकडे कर, थोडी थोडी फिल्म काढ. वेळ जास्त जाईल, पण निभेल.

आणि सुदेश "चहा घे" म्हणाला? माझा भाऊ? मला मूर्ख समजतेस का गं?

माधवी आत्या


कोपर
९ फेब्रुवारी

आत्या,

बरं. ऐक मग पुढचं वाक्य. "आनी वकिलाकडं एक सही करून टाक, हक्कसोडीची."

म्हणजे या घरातला माझा वाटा मी सोडला असं लिहून द्यायचं. घर पणजोबांपासूनचं, अजून दामाजी आजोबांच्याच, म्हणजे तुझ्या आप्पांच्याच, नावावर आहे. लग्नाआधी ते बाबांच्या आणि दादाच्या नावावर करायचंय. वकील म्हणाला, घरातल्या मुलींच्याही सह्या लागतील. बाबांना यात वाईट काही वाटत नाही. खरंच वाटत नाही, तेच माझ्या डोक्यात जातं. कपटाने केलं असतं तर भांडता आलं असतं. ते प्रेमाने करतायत. आपल्यात बहिणीला ताटात नारळ आणि साडीचोळी देतात, ती सही करते, मग सगळे पोटभर जेवतात. मी साडी नेसत नाही, म्हणून मला लॅपटॉप. साडीचोळीच ती, फक्त चार्जर असलेली.

मी नाही म्हटलं तर बाबा काय म्हणाले माहितीये? "तुझ्या आत्याबायनं नाय केली सही? आप्पा गेले तवा साडी घेतली, हसत जेवली. काय बिघरलं तिचं?"

आता मला कळलं तू लॅपटॉप लॅपटॉप का करतेस. एका हाताने उचलता आलं पाहिजे. म्हणजे उचल आणि चालती हो, हेच ना? मी कोणाशी भांडून निघालेली नाही, माझं कोणाशी लग्न झालेलं नाही, हे माझं घर आहे, आणि मला आत्तापासून पिशवी भरायला कोण शिकवतंय, तर तू. मला वाटलेलं या घरात एक तरी बाई माझ्या बाजूची आहे. तू पण त्यांच्यातलीच निघालीस.

मी ते मशीन घेणार. वरच्या खोलीत ठेवणार. सही करणार नाही. मग शेंडी तुटो की पारंबी. लाल पेनने जे काय मारायचं ते मार.

मेघाली


टेंभी नाका, ठाणे
१ मार्च

चि. मेघाली,
अनेक अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मध्ये तुझे बाबा इथे येऊन गेले, आणि ते यायच्या आधी मला काही लिहायचं नव्हतं. तू रागाने लिहिलंस, बरं केलंस. शुद्धलेखन चुकलं नाहीस याचं जास्त कौतुक वाटलं.

मी साडी घेतली हे खरं. मोरपिशी होती, काठ बारीक, माझ्या आवडीची. त्याच दिवशी नेसले. वडे खाल्ले, मटण दोनदा वाढून घेतलं. सुदेशने ताटात कागद ठेवला तेव्हा म्हटलं, चष्मा ठाण्याला राहिलाय, वाचल्याशिवाय मी सही करत नसते, दे पिशवीत टाकून. त्याने टाकला. घरी आल्यावर मी त्या कागदावर मेथी निवडली आणि देठांबरोबर केरात दिला.

सही मी केलेली नाही, मेघाली. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि गंमत अशी की इतक्या वर्षांत कोणी विचारलंसुद्धा नाही. आपल्या लोकांत बाईने साडी घेतली म्हणजे सही झालीच असं धरून चालतात. ताट रिकामं झालं की कागदाचं काय झालं हे बघायला कोणी जात नाही. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आला असता. तुलाही म्हणूनच सांगितलं नव्हतं.

आता वकिलाने कागदपत्रं मागितली तेव्हा सुदेशला उमगलं. परवा आला, हातात नवी साडी. मला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्याने बोलला की अख्ख्या बिल्डिंगला कळलं. "ताई, तू साडी घेऊन सही नाय केलीस?" मी म्हटलं, साडी आवडली होती. या वेळची मात्र आवडली नाही, घेऊन जा. तो म्हणाला, तुम्ही दोघी मिळून माझ्या पोराचं लग्न मोडाल. मी म्हटलं, लग्नाला नवरा-नवरी लागतात, सातबारा लागत नाही. चहा न पिताच गेला. मला वाईट वाटलं. भाऊ आहे तो माझा. पण माझा निर्णय बदलला नाही.

आता प्रोसेसरचं. मी सांगत होते ते खोटं नव्हतं. मला एका घरातून निघावं लागलं, म्हणून माझ्या डोक्यात कायम हलकी वस्तू. तुला निघायचंच नाही. मग तुला हलक्याशी काय करायचंय? घे ते धूड. विजेची स्वतंत्र लाईन ओढून घे, आपल्या घराची वायरिंग आप्पांच्या काळातली आहे. आणि कोणी खोलीवर हक्क सांगायला आलं तर सांग, वरचा निम्मा मजला माधवीचा आहे, तिने मला बसायला दिलाय.

माधवी आत्या


कोपर
४ मे

माझी लाडकी आत्या,

आधी माफी मागते, मग दोन महिने गप्प बसले त्याची वेगळी मागते. लिहिण्यासारखं रोज काहीतरी घडत होतं, पण शेवट झाल्याशिवाय तुला पाठवायचं नव्हतं.

मशीन आलं. जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा दादाच खांदा लावायला धावला, बाबांनी बघितलं तरी. वर ठेवलं, वायर लावली, आणि आई पूजेचं ताट घेऊन आली. मला वाटलं हळदकुंकू लावेल. तिने नारळ फोडला आणि आपण नव्या गाडीवर शिंपडतो तसं त्यातलं पाणी थेट मशीनच्या जाळीवर शिंपडलं. फाट्कन आवाज, जळका वास, घरभर अंधार. आई बिचारी पांढरी पडली. बाबा खालून म्हणाले, "देवालाच मान्य नाय." जगन दुसऱ्या दिवशी नवा पॉवर सप्लाय बसवून गेला, म्हणाला, ताई, फूल वाहा, पाणी नको. प्रोसेसर दोन्ही शाबूत. लॅपटॉप असता तर तिथेच संपला असता, हे तुला मुद्दाम सांगते.

तेव्हापासून काम चालू आहे. नाथाशेठच्या तीन पार्ट्यांच्या फिल्म काढून दिल्या. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. जेवताना भाजी हवी असली तर आईला सांगायचे, तिला सांग इकडं सरकव. मला रडू यायचं, आणि मी वर जाऊन काम करायचे.

मग समृद्धी आली, स्वतःच्या हळदीचा स्टेज पसंत करायला. ती माझ्या शेजारी बसून स्वतःचीच फिल्म बघत होती आणि मध्येच म्हणाली, "ताई, तू सही नाही केलीस म्हणे. माझी शनिवारी आहे. पप्पा स्कूटी देतायत." मी तिला शिकवायला गेले नाही, तुझी शपथ. एवढंच म्हटलं की वाचून कर. ती म्हणाली, स्टेजवर होडी नको, मला हत्ती हवेत. मी हत्ती लावून दिले.

काल संध्याकाळी तिच्या पप्पांचा, आनंदामामांचा फोन आला. त्यांचा आवाज मला जिन्यात ऐकू येत होता. पोरगी वाचून बघते म्हणाली आणि उठून आली, वकिलासमोर आमची शोभा झाली, हे सगळं तुमच्या मेघालीचं शिकवणं आहे, तुमच्या सुनेला तुम्ही समजवा. बाबांचं डोकं फिरलं. आपल्या माणसाला दुसऱ्याने बोललेलं त्यांना खपत नाही, तुला माहितीच आहे. ते ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "व्याही, पोरीचा हक हाय तो. कायदा हाय. स्कूटी देऊन हक काडून घेता व्हय? ती माझी सून हाय, मी तिला कशाला समजवू? नाय करनार ती सही."

आणि फोन ठेवला. मी जिन्यात, दादा दारात, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आपण काय बोललो ते बाबांना आमच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बस तुझ्या खोलीत. मी परत इचारनार नाय." कुठल्याही कागदापेक्षा मला ते जास्त आहे, आत्या. मी तिथेच जिन्यात बसून रडले.

मला वाटलं झालं. तेवढ्यात आई बोलली. हात पदराला पुसत होती, आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, "मी पन सही करून आलेय माझ्या म्हायेरच्या घराची. माझा दादा पाटल्या देतो म्हनाला, तुमी म्हनालात करून टाक, आपल्यात असंच असतं. कायदा हाय ते तवा मला का नाय सांगितलात?"

बाबा खाली बसले. जेवणाची वेळ झालेली, भात चुलीवर होता, करपायला लागला तरी आई आत गेली नाही. उत्तर हवं म्हणून ती तिथेच उभी राहिली.

तुझी,
मेघाली